अस्तर आधी

बाबा, चौथीनंतर तुम्ही माझी शाळा बंद केलीत तेव्हा मी तोंड उघडलं नाही. आता सत्तरी उलटली आहे आणि तुम्ही नाही आहात, म्हणजे मध्येच तोडणारं कोणी नाही. ऐका.

तुमची पणती पेरुंगुडीच्या एका कंपनीत आहे, पण काम करते घरूनच, माझ्या शिलाई मशीनला लागून टेबल मांडून. काल दुपारी मी लसूण सोलत होते आणि ती म्हणाली, "आज्जी, आज एक डिस्क लहान करायचीय." त्यांच्याकडे म्हणे एका खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात दहा-बारा नुसते मानलेले कॉम्प्युटर चालतात. प्रत्येकाची डिस्क म्हणजे एक भलीमोठी फाइल, तिच्यात कप्पे, कप्प्यांत गिऱ्हाइकाचं काम. वाढवायची तर आधी फाइल वाढवायची, मग कप्पा, मग आतल्या मांडणीला सांगायचं, पसर बाई, जागा झाली. हे हुकूम तिने एका स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलेत, एकदा सोडली की ओळीने चालत जातात. "आणि लहान करायला?" मी विचारलं. "तीच स्क्रिप्ट, फक्त आकडा कमी घातलाय."

माझा हात थांबला. गिंडीच्या कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षं अस्तराचे कोट शिवले. सैल करायचा तर बाहेरून आत जायचं, आवळायचा तर अस्तर आधी, वरचं कापड मागून. उलटं केलंत तर कात्री आत काय आहे ते विचारत नाही. म्हटलं, "आतलं आधी आवळतेस ना?" "हो गं आज्जी." "दुसरी कॉपी?" "ठेवायला जागा नाही, म्हणून तर लहान करतेय. सेरी, बरं, तू लसूण सोल."

ते 'हो' माझ्या ओळखीचं होतं. लसूण ठेवून मी उठले. "पहिल्या ओळीवर बोट ठेव आणि मला वाचून दाखव." "अय्यो आज्जी, तुला काय कळणारे?" "नाही कळणार. तू वाच." तिने वाचलं, आणि बोट तिथेच राहिलं. पहिलाच हुकूम फाइल कापायचा होता. गिऱ्हाइकाचं शेवटाकडचं सगळं उडालं असतं, मागोमाग पोरीची नोकरी. मग तिने माझ्या मुलाची, म्हणजे तिच्या बापाची, बाहेरून जोडायची डिस्क आणली, आधी कॉपी केली, आणि ओळी उलट्या लावल्या: मांडणी, कप्पा, शेवटी फाइल. संध्याकाळच्या कॉफीपर्यंत तो मानलेला कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला. तिने माझ्या दंडाला चिमटा काढला. आभार मानायची तिची हीच रीत.

ऐकलंत? आणि तुम्ही म्हणाला होतात, "पोरीच्या डोक्यात जागा ती केवढी!" तांबरमचं रेल्वे क्वार्टर, मी सोळा वर्षांची. टायफॉइडनंतर तुमचा टीसीचा काळा कोट तुम्हाला लोंबतो आहे आणि मी तो आवळते आहे, आधी वरचं कापड कापून. कात्रीखाली अस्तराचा खिसा आला, आणि खिशात सगळ्यांचा गावी जायचा पास. दोन तुकडे. त्या वर्षी आईला माहेर दिसलं नाही. तुम्ही म्हणालात, शाळा बंद केली तेच बरं केलं.

नाही बाबा, वाईट केलंत. कोटाची चूक हातून झाली, शाळेची तुमच्या हट्टातून. मी शिकले असते तर काल ती स्क्रिप्ट मीच वाचली असती, कोणाच्या बोटाची गरज लागली नसती. हे मी मरेपर्यंत म्हणणार.

पत्र मशीनच्या खणात बॉबिनांखाली राहील. पोचवायची सोय असती तरी पाठवलं नसतं, कारण तुम्ही उलट एकच गोष्ट विचारली असतीत. कोट माझ्या हातात देताना तुम्ही म्हणाला होतात, "खिसे बघितलेस ना?" आणि मी न बघताच हो म्हटलं होतं.