ह्वायजिनच्या नावाने

प्रिय आई,

तू पाठवलेले जोडे मिळाले. वाफेवरचे पावही मिळाले, आत खारवलेली मोहरीची पानं घातलेले, मला आवडतात तसे. जोडे नवे होते, माझ्याच मापाचे, आणि खरं सांगू, त्याचाच मला जास्त राग आला. तुझ्या पोटच्या ह्वायजिनचे जुने, बोटं आवळणारे जोडे पाठवले असतेस तर तुझा राग करणं किती सोपं गेलं असतं!

हे पत्र तुला थांग मास्तर वाचून दाखवतील. त्यांना म्हणावं, नीट बसून वाचा आणि मधलं काही गाळू नका. तुला वाईट वाटेल असं काही आलं की ते खोकण्याचं सोंग करतात, ते मला ठाऊक आहे.

गाडी कोळशाच्या उघड्या वाघिणींची आहे. आम्ही सगळे काळे झालो आहोत, कोण कुठल्या गावचा ते ओळखू येत नाही. इजारीच्या नाड्या काढून घेतल्यात. दोन्ही हातांनी इजार सावरत पळणारा माणूस फार लांब जात नाही, हे आमच्या हवालदार लोउला अनुभवाने माहीत आहे. नव्या माणसांचे हात मागे बांधतात. मी आता जुना, म्हणून मोकळा. उत्तरेला शुचौकडे चाललोय. तिकडे लाल फौज आहे, आणि आम्ही सरकारी फौज म्हणे. कालच एकाने विचारलं, "समोरून माझा मेव्हणा आला तर?" लोउ म्हणाला, "मग आधी तू झाड गोळी. बायकोला काय सांगायचं ते मागाहून बघू." सगळे हसले. मीसुद्धा हसलो.

आई, तू मला पहिल्यांदा जेवायला वाढलंस तो दिवस मला फार आठवतो. पुरात माझं सगळं घर गेलं होतं, मी तुमच्या दाराशी वाडगा घेऊन उभा होतो. तू मला आत घेतलंस, अंगाला गरम पाणी दिलंस, शेवयांवर दोन अंडी फोडून घातलीस. एक ह्वायजिनला आणि दोन मला! मग मियाओ घराण्याच्या पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांपुढे गुडघ्यांवर बसवलंस आणि म्हणालीस, "आजपासून हा माझा थोरला." त्या वर्षात मी इतका सुखात होतो की मला स्वतःचीच नजर लागेल अशी भीती वाटायची. गावात आणखी दोन घरांनी त्याच सुमाराला मोठाले मुलगे दत्तक घेतले. विहिरीवर बायका म्हणायच्या, "यंदा मुलग्यांचं पीक बरं आलंय, फौजेच्या भरतीआधीच कापणीला येईल." सगळं गाव हसायचं. मला वाटायचं, कौतुकाने हसताहेत.

मग भरतीच्या सोडतीत ह्वायजिनचं नाव निघालं आणि तू मला मागच्या खोलीत नेऊन माझा हात हातात घेतलास. रडत होतीस, ते खोटं नव्हतं, एवढं मी कबूल करतो. म्हणालीस, "बाळा, कोणी विचारलं तर तू मियाओ ह्वायजिन. मारलं तरी ह्वायजिन. तुझं जुनं नाव विसरून जा." आणि मी विसरलो गं. इतका शहाणा मुलगा तुला तुझ्या पोटीही झाला नसता.

बेंगबूला गाडी अडकून पडली होती, तिथल्या मामाने तुला कळवण्याइतके दिवस, तेव्हा आमच्या वाघिणीतला एकजण खोकून खोकून मेला. त्याच्या नावाचं पुढे सांगतो. लोउने त्याला रुळाखाली भरावावर लोटलं आणि फलाटावर नजर फिरवू लागला. "मोजून घेतलेत, मोजून द्यायचे," तो म्हणाला. "एक कमी पडला तर मलाच उभं करतील." त्याला फक्त एक माणूस हवा होता, दोन पायांवर उभा राहणारा. आणि नेमका तेव्हाच, स्टेशनाजवळच्या मामाच्या टोफूच्या दुकानातून, हातात तुझी पुरचुंडी घेऊन, स्वच्छ लांब झग्यात, ह्वायजिन आला.

तू त्याला का पाठवलंस ते मला कळतं. तुझ्या हिशेबाने तो गावातला सगळ्यात सुरक्षित पोरगा होता. त्याचं नाव भरतीत गेलंय, एका माणसाला दोनदा कोण नेणार? आई, ते नावं कुठे मोजतात गं, ते डोकी मोजतात.

त्याने पुरचुंडी माझ्या हातात दिली, मी पाव तोंडाला लावला, तोच लोउच्या माणसांनी त्याला दोन्ही दंडांना धरलं. तो ओरडला, "मी मियाओ ह्वायजिन! माझी भरती झालीय! गावात विचारा!" लोउ हसला. "ह्वायजिन तर आत बसून पाव खातोय," म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "काय रे, तू कोण?" ह्वायजिन माझ्याकडे बघत होता. "दादा, सांग ना यांना! दादा!" तो मला नेहमीच दादा म्हणायचा, तुझ्यापेक्षा त्याने ते नातं जास्त मनापासून धरलं होतं. मी तोंडातला घास गिळला आणि म्हणालो, "मी मियाओ ह्वायजिन. ह्याला मी ओळखत नाही."

तू शिकवलंस तेच बोललो. एक अक्षर कमी नाही की जास्त नाही.

आता तो माझ्याशेजारी बसलाय, हात मागे बांधलेले. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आज बोलला, कारण त्याला एक गोष्ट उमगलीय. हजेरीला त्याला त्या मेलेल्या माणसाच्या नावाने हाक मारतात, आणि ओ दिली नाही तर बंदुकीचा दस्ता बसतो. तिकडे तो पडला तर कागद त्या माणसाच्या घरी जाईल. कुठली तरी परकी बाई त्याच्यासाठी ऊर बडवील, आणि तू दाराकडे बघत बसशील. म्हणून, माझी खुशाली लिहून आणायला तू दिलेला कागद आणि पेन्सिल त्याने त्याच्या झग्याच्या खिशातून मला काढायला लावली. म्हणाला, "बाकी काही नको, आईला फक्त माझं आताचं नाव लिही. म्हणजे ती शोध घेऊ शकेल. मामा पैसे चारून सोडवतील." पुढच्या स्टेशनावर गरम पाणी विकणारी बाई हे पत्र नेईल. मी लिहितोय आणि तो बघतोय, तुझ्यासारखंच त्यालाही वाचता येत नाही, आणि प्रत्येक ओळीनंतर विचारतोय, "लिहिलंस?" मी म्हणतो, "लिहिलं."

नाव मी लिहिलेलं नाही, आई, आणि लिहिणारही नाही. शोध घ्यायचा तर मियाओ ह्वायजिनचा घे. पैसे चारायचे तर त्याच्यासाठी चार. पाट्यांपुढे रोज त्याच्या नावाने उदबत्ती लाव, आणि मेल्याचा कागद आलाच तर पोटच्या पोराला रडतात तशी रड. यातलं काहीही केलंस तरी ते मलाच पोचेल. तू मला तुझा थोरला म्हणाली होतीस ना, आता तुला दुसरा नाही.

तुझाच,
मियाओ ह्वायजिन