मागे पाच बटणं, पुढे कोटाचं एकटं

३ जून, सकाळ
काल आपल्या देशाची मॅच पाहिली. शी! अकरा धडधाकट माणसं आणि नव्वद मिनिटं आपल्याच गोलपुढे घोळका करून उभी. शून्य-शून्य. नात म्हणाली, अगं आजी, याला काउंटर अटॅक म्हणतात. मागे थांबायचं, समोरच्याला पुढे येऊ द्यायचं, बॉल हिसकावला की त्याने सोडलेल्या मोकळ्या जागेत धूम ठोकायची. म्हटलं, मग ठोकली का नाही? तिने चॅनलच बदललं. कॉलेजच्या टीमची गोलकीपर आहे, तरी चॅनल बदललं. म्हणजे माझंच बरोबर. आजपासून फुटबॉल बंद.

५ जून
बंद म्हणजे पुढच्या मॅचपर्यंत. नातीला तिसऱ्या मॅचची तीन तिकिटं मिळाली. एक तिचं, एक माझ्या मुलाचं. सुनेची त्या दिवशी हॉस्पिटलात ड्युटी. उरलं एक आणि आज्या दोन. दुसरी म्हणजे सुनेची आई, आमच्या विहीणबाई. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आल्या, त्याला महिना झाला. नात म्हणते, जिला खेळ जास्त कळेल तिला तिकीट. मला हसू आवरेना. विहीणबाई पाहतात एका डोळ्याने, तेही विणकामाकडे. स्टेडियमवर न्यायची पिशवी धुऊन वाळत घातली.

६ जून, दुपारी ३
शाळा माझी चौथीपर्यंत, पण शिंप्याच्या दुकानात तीस वर्षं काजं-बटणं केली आहेत. चादरीवर टीम मांडली. मागे शर्टाची पाच बटणं, त्यांच्यापुढे चार, आणि सगळ्यांत पुढे कोटाचं एक. ते कोटाचं पाहून इतकं वाईट वाटलं! स्टेशनवर घ्यायला कुणी न आलेला पाहुणा जसा. याला बॉल मिळाला तरी हा देणार कुणाला? जवळचा सोबती चाळीस पावलं मागे. बिनडोक ट्रेनर. घरातल्यांना तासभर समजावून सांगितलं. मुलगा फोन आला म्हणून उठून गेला. वाजलेला मला ऐकू आला नाही, पण मला हल्ली ऐकू कमीच येतं. विहीणबाई शेवटपर्यंत बसल्या. त्यांना काही कळलं नसणार, नाहीतर मध्ये बोलल्या असत्या.

७ जून
पुन्हा शून्य-शून्य. किळस आली. कोटाला अख्ख्या मॅचमध्ये बॉल मिळाला तीनदा, तिन्ही वेळा एकटा पडून परत दिला. आता तिसरी मॅच जिंकायलाच हवी, नाहीतर टीम घरी.
मी ठरवलंय, आपणही काउंटर अटॅक करायचा. गप्प राहायचं. विहीणबाई काहीतरी चुकीचं बोलतील, की झडप.

८ जून, सकाळी ८
मौन सुरू.

८.२०
टीव्हीवर ट्रेनर म्हणाला, आम्ही खूश आहोत. यावर गप्प बसणारं माणूस जन्माला यायचंय. मौन उद्यापासून.

९ जून
दिवसभर मी गप्प. विहीणबाईही गप्प. मुलाने सुनेला हळूच विचारलं, कुणाला बरं नाही का? चहानंतर मला राहवेना. बटणं काढली आणि सगळीच्या सगळी पुढे नेऊन ठेवली. असं खेळा म्हटलं, वाघासारखं! दीड तास बोलले. छान बोलले. मग विहीणबाईंनी सुया खाली ठेवल्या. माझी टीम पहिल्यासारखी लावली आणि चारांतलं कडेचं एक बटण वीतभर पुढे सरकवलं. म्हणाल्या, बॉल आपल्याकडे नसला तरी चारही जणांनी कशाला मागे यायचं? एकाने इथे थांबावं, म्हणजे कोटाला सोबत. आणि तुम्ही सगळेच पुढे नेलेत, तर मागे कोण राहिलं हो?
नात टुणकन उठली. म्हणाली, आमचे कोच अगदी हेच सांगतात!
अंदाजाने एखादं बटण कुणीही सरकवतं.

१२ जून
तिकीट विहीणबाईंना. मला जायचंच नव्हतं. त्या खुर्च्यांनी कंबर धरते. पिशवी त्यांना दिली. पोरीने रात्रीच्या गाडीने जाताना माझा गालगुच्चा घेतला. गुणी आहे, फक्त माणसांची पारख नाही.

१३ जून, संध्याकाळी ७
घरी एकटी. ऐंशी मिनिटं झाली, सगळे मागेच. तोंडात मारल्यासारखं झालं. टीव्ही बंद केला आणि समोर राहणाऱ्या घड्याळदुरुस्तीवाल्यांच्या दारात जाऊन सांगत होते, की या टीमला घरी का पाठवायला हवं. तेवढ्यात अख्खी इमारत ओरडली. धावत आत आले तर फोन वाजत होता. विहीणबाई! किंचाळत होत्या. पाहिलात ना गोल? म्हटलं, पाहिला की, डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, कुणी मारला हो? पुढची माणसं उभी राहिली, मला दिसलाच नाही. म्हटलं, कोटाने! काय पळाला म्हणून सांगू!
मागून नात हसत ओरडली, आजी, समोरच्या टीमचा बॅक घाबरला आणि त्याने स्वतःच्याच गोलात बॉल घातला.
मी म्हटलं, तेच तर! कोट पळत आला म्हणूनच घाबरला ना तो? मग कोट कसा आला, कुठून आला, सगळं नीट समजावलं. विचारलं, कळलं का आता?
फोन कधीचा बंद झाला होता.