उकडलेल्या आठळ्या

आई, आज सर्वपित्री. सासरच्या पितरांच्या पानाशेजारी तुझ्यासाठी एक लहान पान मी दरवर्षी मांडते. भात, वरण, खीर, वडे, अळूची भाजी, सगळं वाढते. आठळ्या तेवढ्या कधी वाढल्या नाहीत. तू सोडलेली वस्तू तुझ्याच पानात कशी वाढायची? आज वाढल्या आहेत. का, ते तुला सांगावंसं वाटलं, म्हणून गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पानामागे लिहिते आहे. कोरा कागद मोडवत नाही, एवढा तुझा गुण लागलाच.

तुझी बोटं आठवतात. सकाळी मूठ वळत नसे, बांगडी चढवायची तर साबण लावावा लागे. वैद्यबुवा पडवीत बसून म्हणाले, "आठळी वातूळ. ती सोडा." तू त्याच संध्याकाळी देवापुढे पाणी सोडून मोकळी झालीस. पावसाळ्यात भाताशी दुसरं काही नसलं तरी ज्या बाईला चालायचं, पण फणसाच्या आठळ्या हव्याच असायच्या, तिनं. तरी दर उन्हाळ्यात आठळ्यांना तांबड्या मातीचा हात देऊन त्या कोपऱ्यात रचायचीस तूच, आमच्यासाठी. अजून डोळ्यांपुढे येतं: श्रावण आहे, बाहेर धार लागली आहे, मिठाच्या पाण्यात आठळ्या रटरटतायत. तुझी नखं चालत नाहीत म्हणून मी सोलते आहे. तू एक उचलून नाकाशी नेतेस, वास घेतेस आणि माझ्या तळहातावर ठेवतेस. "खा गो. तू खाल्लीस की मला चव येते."

"मग मीठ कसं झालंय, सांग बघू."

"अळणी. तुझ्यासारखंच."

सूज काही उतरली नाही. तू गेलीस तेव्हाही बोटं तशीच होती. वैद्यबुवांना दोष देत नाही, त्यांना ठाऊक होतं ते त्यांनी सांगितलं. पण इतकी वर्षं माझ्या मनात एकच घोळत राहिलं, की तू ते उगीच सोडलंस का. आणि आता सकाळी पीठ मळताना माझीही पेरं दुखतात. या पावसाळ्यात आठळ्यांच्या ढिगापुढे मी दोनदा उभी राहिले आणि हात न लावता परत आले.

तू न पाहिलेली तुझी नात पुण्याला प्रयोगशाळेत आहे. तिचा फोन आला, घरच्या आठळ्या पाठव, कामाला हव्यात. मी मॅट्रिक, मला काय कळणार कसलं काम. पोरगी परगावी राहते, खानावळीत जेवते, एवढंच डोक्यात. माती धुतली, मिठाच्या पाण्यात मऊ उकडल्या, वाळवल्या आणि पुण्याला निघालेल्या शेजाऱ्यांबरोबर हातखंब्याहून धाडल्या. चार दिवसांनी पुन्हा फोन. "आई, तू या उकडून पाठवल्यास?"

"मग कच्च्या कुणाला घालायच्या?"

आधी ती हसली, मग वैतागली, मग नीट सांगायला लागली. कच्च्या आठळीत लेक्टिन नावाचं एक प्रथिन असतं. आपल्या पेशींच्या अंगावर साखरेची साखळी असते, तिला ते धरून बसतं. रक्ताच्या थेंबात घातलं तर तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात, दूध नासल्यासारखे कण दिसतात. पांढऱ्या पेशी तर त्यानं जाग्या होतात, कुणी परका शिरला असं समजून वाढतात, एकमेकींना निरोप धाडतात, आणि त्या निरोपांनीच अंगात सूज येते. काही झाडांची लेक्टिनं उलट त्यांना शांतही करतात म्हणे. मी घाबरले. म्हटलं, म्हणजे वैद्यबुवा खरंच बोलले?

"अगं, ऐक तरी. तुझ्या आठळ्या मी वाटल्या, तो अर्क थेंबात घातला, आणि काहीच झालं नाही. थेंब जसाच्या तसा. तासभर माझंच काही चुकलं म्हणून मी शोधत बसले. उकडल्यावर त्याचा जोर जातो."

"मग आजीची बोटं कशानं सुजत होती?"

"ते मला सांगता येणार नाही, आई. मी काचेवर बघते, आजीच्या अंगात नाही. पण उकडलेल्या आठळीवर मी तरी आळ घेणार नाही. तू खा."

फोन ठेवून मी मागल्या दारी गेले. फणसाखाली ओली पानं पडली होती. आनंद व्हायला हवा होता. मला मात्र तुझं नाकाशी आठळी धरून बसणंच दिसत राहिलं. कुणीतरी येऊन तुला सांगायला हवं होतं, की बाई, मऊ शिजव आणि खा. तेव्हा सांगणारी जन्मायची होती. देवापुढे पाणी सोडून सोडलेलं असं मागे घेता येतं का, हेही मला ठाऊक नाही. पण त्याच्याशी बोलायला आता तू त्याच्या जवळ आहेस.

हे पत्र पानाखाली ठेवेन म्हटलं होतं, ते नको, कागद ओला होईल. देव्हाऱ्याच्या खणात ठेवते. एक तेवढं सांगायचं राहिलं. नैवेद्याचं आधी चाखायचं नाही, हे तू शिकवलंस आणि मी आजवर मीठसुद्धा अंदाजानंच घातलं. आज मात्र तुझ्या पानात वाढण्याआधी एक आठळी मी खाऊन पाहिली. आतून कच्ची राहिली असती, तर तुझी बोटं सुजली असती.