वाघुरीच्या तोंडाशी

औरंगाबाद

प्रिय बन्सी,

हे पत्र पोचेल तेव्हा तू कांडल्यातच असशील की पुन्हा कुठं निघून गेला असशील, देव जाणे. फोनवर हे सांगता आलं नसतं. औरंगपुऱ्यातली आपली खोली ती केवढी, आणि तुझा फोन आला की आबा माझ्या कानाला कान लावून बसतात. म्हणून चितेगावला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, जेवणाच्या सुट्टीत लिहायला बसलेय.

आबा ठीक आहेत. त्यांना दिसतं आता फारच कमी, पण कोण आलं ते पावलांवरून ओळखतात. मेंढरं विकून इतकी वर्षं झाली तरी माणसाकडं बघायची नजर मेंढपाळाचीच. परवा घरमालक काकासाहेबांना तोंडावर म्हणाले, तुम्ही दुसऱ्याच्या रानात तोंड घालणाऱ्यांतले. काकासाहेबांना ते कौतुकच वाटलं. मी आत जाऊन पदर तोंडात धरून हसले. असं हसल्यावर ते सांगायला कोणी नसतं बघ, तेव्हा तुझी फार आठवण येते.

पैठणकडं नदीकाठच्या रानात मुक्काम पडला की आबा संध्याकाळी जाळीची वाघूर लावायचे, मेंढरं आत घ्यायचे आणि एकेकीचा स्वभाव सांगत बसायचे. ही आघाडीची, ही भित्री, ही दुसरीच्या तोंडचं ओढणारी. मग आपली पाळी यायची. तू कुठंतरी ओढ्यापलीकडं, मी वाघुरीच्या तोंडाशी उभी. आबा आईला म्हणायचे, "बन्सी पांगणारा हाय. सखू राखणीची. ती हाय तवर मला घोर नाय." एवढ्यावर आपलं दोघांचं ठरून गेलं. तू पहिल्यांदा पळालास तेव्हा तुझ्यावर कोणी रागावलंसुद्धा नाही. आणि नवरा गेल्यावर मी माहेरी परतले, आई गेल्यावर आबांना घेऊन शहरात आले, तेही सगळ्यांना साहजिकच वाटलं. तू कधी सफरचंदाच्या ट्रकवर, कधी बंदरात. मी रोज चितेगावची बस धरते, दिवसभर खोकी भरते आणि त्याच बसनं परत येते.

गेल्या महिन्यात कंपनीत पुण्याहून एक बाई आल्या. कोण कसल्या स्वभावाचं, कुणाला कुठलं काम जमेल, ते बघायला. हॉलमध्ये मधोमध दोरी टाकली आणि एकेक प्रश्न विचारत गेल्या. सगळं ठरवून निघत असाल तर दोरीच्या डावीकडं या, वाट फुटेल तिकडं जात असाल तर उजवीकडं. ओळखीचं गाव आवडतं की अनोळखी? रोजचं तेच काम बरं वाटतं की जीव उबगतो? मी दरवेळी मनात आलं तिकडं जाऊन उभी राहिले. शेवटी उजव्या कोपऱ्यात उरले कंपनीचे दोन ड्रायव्हर आणि मी. बाई म्हणाल्या, ही फिरस्त्या स्वभावाची माणसं, यांना एका जागी बांधलं की गुदमरतात. सगळा हॉल हसला. माझ्या शेजारी पॅकिंगला बसणारी वच्छलाबाई म्हणाली, "अवो बाई, ही तर कामाला लागल्यापून चितेगावच्या पुढं गेली नाय." मीही हसले. म्हणाले, बाई, तुमची गल्लत झाली, तो माझा भाऊ. पण परत येताना बसमध्ये खिडकीकडं तोंड करून रडले.

आबांनी जन्मभर मेंढरं बरोबर ओळखली, माझ्या बाबतीत चुकले. वाघुरीच्या तोंडाशी मी राखण करत नव्हते रे. सकाळी जाळी निघाली की बाहेर पहिलं पाऊल आपलं पडावं, म्हणून तिथं उभी असायचे. तुझ्या फोननंतर मी आबांना तू सांगितलेली गावांची नावं पुन्हा पुन्हा ऐकवते. त्यांना वाटतं, त्यांच्यासाठीच. ते तुझ्याबद्दल दिवसातून दहा वेळा विचारतात, कुठं असेल, काय खात असेल. माझ्याबद्दल विचारायचं त्यांना सुचत नाही, मी समोरच असते ना.

आता लिहायचं कारण सांगते. कंपनीचा नवा कारखाना हिमाचलात सुरू होतोय. तिथल्या बायकांना काम शिकवायला वर्षभर कोण जाईल, असं साहेबांनी विचारलं आणि मी हात वर केला. दसऱ्यानंतर निघायचंय. आबांना अजून बोलले नाही. तू ये बन्सी, वर्षभर त्यांच्याजवळ राहा. इथं तुझा जीव रमणार नाही, मला ठाऊक आहे. माझाही कधी रमला नाही, तरी राहिले. तू आला नाहीस तर मी जाणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे, आणि मला भीती वाटते ती त्याचीच.

तुझीच,
सखूआक्का