राहिलेला सक्तीचा पेपर

चोपडे, रविवार

प्रिय बाबा,

तुम्ही बोटीवर बरे असाल. हे पत्र मी चौथ्यांदा लिहितेय आणि हेही माझ्या वहीतच राहणार.

बाबा, मी बी.एस्सी. झालेली नाही. दिलेल्या सगळ्या पेपरांत पास आहे, क्रेडिटही पूर्ण भरलीत. पण गणिताच्या पदवीला बीजगणिताचा एक पेपर सक्तीचा असतो. दुसऱ्या वर्षी त्याला घाबरून मी सोपा पेपर घेतला. गणित शिकणाऱ्या मुलीने नुसती बेरीज केली, नियम वाचलाच नाही. कॉलेजच्या ऑफिसात मॅडम म्हणाल्या, "तो पेपर दिल्याशिवाय डिग्री नाही. पुढच्या वर्षी ये."

घरी आले तर आई दारातच. "पास झालंस गो?"

"पास," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं, म्हणून तर सहज निघालं.

मला डिग्री मिळावी म्हणून तुम्ही बोललेला नवस आज तिने फेडला. देवळात पाऊल टाकताना म्हणाली, "बाबांनी कॅप्टनाक सांगल्यानी, आता बोट सोडतंय. आमचा चेडू मास्तरीण होतला."

गुरवाने नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं, "ह्या चेडवान गणिताची डिग्री घेतल्यान, हो नवस मान्य करून घे रे म्हाराजा!"

जमलेले सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

आईने माझ्याकडे पाहिलं. मीही म्हटलं, बाबा. सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

तुमची,
सेजल