घोडीचं औषध

ता. ४ मार्च

चि. चिमणीस, मामाचे अ. उ. आ. वि. वि.

खताची पोती मिळाली का? या वेळी लीद चांगली मुरवून, तिची ऊब गेल्यावरच खड्ड्यात घातली. गांडुळांनी तिचं असं काही भुसभुशीत खत केलंय, की चहाची पूडच वाटावी. तुझ्या मामीला खरंच वाटली. तेव्हापासून मला स्वयंपाकघर बंद.

तबेल्यात सगळं ठीक. म्हातारी घोडी तेवढी खांबाला शेपूट घासत बसते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. घोडेस्वारीच्या शाळेचे मालक म्हणतात, अशीच खंगत राहिली तर तिला इथून हलवू. वय झालं, दुसरं काय? माझं तरी कुठे अंगी लागतं?

तुझा प्रबंध पुरा होईपर्यंत खड्डा तुझाच समज. वेळेवर जेवत जा. माया आहेच, पत्रही येऊ दे.

तुझा मामा

ता. ११ मार्च

ती. मामांस, सा. न. वि. वि.

पोती पोचली. आम्ही माती बरणीत कोंडून तिचा श्वास मोजतो. आतले सूक्ष्मजीव जितके कामात, तितका तो जास्त. नुसती लीद घातलेली माती आधी धापा टाकते आणि लवकरच थंडावते. तुमच्या खताची माती मात्र संथपणे श्वास घेत राहते, आणि सूक्ष्मजीवांचे प्रकारही तिच्यात जास्त सापडले. आमचे सर पहिल्यांदाच बरं म्हणाले. प्रयोगाची आणखी एक फेरी झाली की सुटले.

पण मामा, शेपूट घासणं हे वयाचं लक्षण नाही, आणि इतकी घोडी सांभाळलेल्या तुम्हाला ते मी सांगायला नको. तिला जंताचं औषध दिलंत ना? औषध लिदीत उतरतं आणि गांडुळं मरतात, म्हणून दिल्यावर मला कळवा, एवढंच मी म्हटलं होतं. माझ्यासाठी थांबला असाल, तर हे पत्र खाली ठेवा आणि आधी तबेल्यात जा. माझी फेरी राहिली तर राहिली.

मामीला नमस्कार. रागावलात तरी चालेल, पण अंतर देऊ नका.

तुमची चिमणी

ता. ३० मार्च

चि. चिमणीस, अनेक आशीर्वाद.

बरोबर ओळखलंस. औषधाची नळी थंडीपासून खुंटीवरच्या पिशवीत पडून होती. घोड्यांच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी चक्क थाप मारली. औषध दिलं की खड्डा उपाशी आणि तू अडणार, एवढंच डोक्यात बसलं होतं. तुला बोलता येतं, तिला येत नाही, म्हणून तिचं राहून गेलं.

पत्र खाली ठेवलं आणि गेलो. तिने मान झटकली, थोडं औषध माझ्या सदऱ्यावर उडालं. मामी म्हणाली, बरं झालं, तुमचेही जंत जातील. डॉक्टरांना खरं सांगितलं. ते आले आणि उरलेलं औषध स्वतः पाजून गेले. आता तिची लीद लांब, वेगळ्या ढिगात टाकतो. खड्ड्यातल्या गांडुळांना भाजीची देठं चालली आहेत. तुझ्या फेरीपुरतं खत मात्र निघायचं नाही गं. सर काय म्हणाले ते लपवू नकोस.

शेपूट घासणं थांबलं आहे. काल तिने माझ्या खिशातलं गाजर न विचारता काढून घेतलं. मालक आले, तिच्या बरगड्यांवरून हात फिरवला. जाताना नालबंदाला सांगून गेले, की हिला नवे नाल ठोक.

आहे तशीच माया राहू दे.

तुझा मामा