सगळ्या गावाला तुझ्याच नावाचं आमंत्रण

सालातिगा, गुरुवार

प्रिय म्बाक सुतार्नीस,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? सोलोत उकडत असेल. इथे डोंगरावरच्या वाऱ्यात संध्याकाळी आल्याचं गरम रोंदे प्यावंसं वाटतं. आपण बायकांनी लग्नात घालायच्या कबायाच्या रंगावरून (तुला हिरवा हवा होता, आम्ही जांभळा ठरवला) तू निक्षून सांगितलंस, लारासच्या लग्नाला येणार नाही, आमंत्रण पाठवलंस तरी उघडणार नाही. तरी पाठवलं. थोरल्या बहिणीशिवाय लेकीचं लग्न मला गोड लागणार नाही.

तर झालं असं. हल्ली फोनवरच्या आमंत्रणातही पाहुण्याचं नाव मानानं वर लागतं, नाहीतर लोक रुसतात. ते पान मीच बनवलं. नवरीची आईच ऑफिसात सर्व्हर सांभाळते, मग बाहेर कशाला द्यायचं? सगळे एकदम उघडतील नि पान अडकेल, म्हणून पुढे दाराशी एक प्रॉक्सी सर्व्हर बसवला. कुणी पहिल्यांदा मागितलं की आतून उत्तर आणायचं, जपून ठेवायचं, पुढच्यांना तेच द्यायचं, एवढंच त्याचं काम. पाहुण्याचं नाव वेगळं असेल तर मात्र नवं आणायचं, ही अट घालायची मी विसरले. सगळ्यांना सारख्याच दिसणाऱ्या फोटोंसाठीचा नियम आमंत्रणालाही लावून मोकळी झाले. (डोकं रंगाच्या भांडणात होतं. दोष तुला देत नाही, थोडासा देते.)

सकाळी शेजारचे पाक विर्यो फोन नाचवत दारात. "अहो बू रेत्नो, मी सुतार्नी कधी झालो? कबाया घालून यायचं का?" पाठोपाठ लारासच्या होणाऱ्या सासूबाईंचा फोन, "तुमच्याकडे एकच पाहुणी आहे का हो?" सगळ्या गावाला तुझ्याच नावाचं आमंत्रण! आमचे हे इतके हसले की लेम्पेरचा घास घशात अडकला.

मग अट घातली, साठवलेलं पुसलं, ज्याचं नाव त्याला परत मिळालं. (पाक विर्यो जरा हिरमुसलेच.) एवढी फजिती होऊनही मी मात्र आज खुशीत आहे.

तुझी,
रेत्नो

ता. क. तू आमंत्रण उघडलं नाहीस, असंच मी सगळ्यांना सांगते. प्रॉक्सी सगळ्यात आधी उघडणाऱ्याचंच नाव धरून बसतो, हे कुणाला सांगितलेलं नाही.

आणखी एक. आदल्या दिवशी लारासला फुलांच्या पाण्यानं न्हाऊ घालायला सात वडीलधारी माणसं लागतात. मी सहाच ठरवली आहेत. तुझा कबाया शिंप्याकडे टाकलाय. हिरवा.